बारा कोटी वाटा, नव्वद लाख मुक्काम

पट मांडलाय, पांढऱ्याची पहिली खेळी यायची आहे. आठ प्यादी, प्रत्येकाला एक घर किंवा दोन घरं, म्हणजे सोळा खेळ्या. दोन घोडे, प्रत्येकाला दोन घरं, म्हणजे चार. एकूण वीस. काळ्यालाही तेवढ्याच. दोघांची एकेक खेळी झाली की ४०० शक्यता होतात. दोन-दोन झाल्या की १,९७,२८१. आणि तीन-तीन खेळ्या झाल्या की ११,९०,६०,३२४. २०११ च्या जनगणनेत सगळा महाराष्ट्र मिळून सव्वाअकरा कोटी माणसं होती. त्यातल्या प्रत्येकाला तीन-तीन खेळ्यांचा वेगवेगळा डाव वाटला, तरी काही लाख डाव उरतील. एवढं होईपर्यंत पटावर फारसं काही घडलेलंही नसतं. समोरचा अजून खुर्ची सावरून बसत असतो.

पण खरी गंमत पुढे आहे. हे जवळजवळ बारा कोटी डाव तीन-तीन खेळ्यांनंतर पटावर कसे दिसतात ते पाहिलं, तर वेगळ्या अशा स्थिती निघतात फक्त नव्वद-पंच्याण्णव लाख. म्हणजे एकेका स्थितीला पोचायच्या सरासरी बारा-तेरा वाटा. कुणी आधी वजिराचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो, मग उंटाचं, मग घोडा काढतो. दुसरा आधी उंटाचं प्यादं टाकतो, मग घोडा, मग वजिराचं प्यादं. काळा दोघांसमोर त्याच तीन खेळ्या मागे-पुढे करून खेळतो. तिसऱ्या खेळीअखेर दोन्ही पट शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही. खेळाडू याला ट्रान्सपोझिशन म्हणतात. छापील पुस्तकात यातला एक डाव 'इंग्लिश ओपनिंग'च्या प्रकरणात सुरू होतो आणि दुसरा 'क्वीन्स गॅम्बिट'च्या. वाचणाऱ्याला दोघांची गाठ कुठे पडते ते शोधायला पानं चाळावी लागतात. हातातल्या मोबाइलवर मात्र कुठलंही बरं ॲप उघडा आणि खेळ्या कशाही क्रमाने टाका, तिसऱ्या खेळीला ते तुम्हाला एकाच ठिकाणी आणून उभं करतं. त्याला हे कळतं कसं?

इथे नंदुरबार जिल्ह्याचीच एक गोष्ट उपयोगी पडते. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्या टेंभली गावात. प्रत्येक माणसाला त्याचा एकट्याचा क्रमांक, बारा अंकी. नाव दोघांचं सारखं असेल, गाव सारखं असेल, पण क्रमांक वेगळा. बुद्धिबळाच्या ॲपमध्ये अशीच सोय पटावरच्या प्रत्येक स्थितीसाठी असते, आणि ती आधारहून चाळीस वर्षांनी जुनी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये ती मांडली.

मोहरे बारा प्रकारचे: सहा पांढरे, सहा काळे. घरं चौसष्ट. बारा गुणिले चौसष्ट म्हणजे ७६८. संगणक सुरुवातीलाच ७६८ अगडबंब संख्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून ठेवतो. 'पांढरा घोडा जी१ वर' ही एक संख्या, 'पांढरा घोडा एफ३ वर' ही दुसरी, 'काळा वजीर डी८ वर' ही तिसरी. पाळी कुणाची, कॅसलिंग करायचा हक्क शिल्लक आहे का, असल्या बाबींसाठी आणखी थोड्या. पटावर जे जे मोहरे आहेत त्यांच्या संख्या एकमेकांत मिसळल्या की जी एक संख्या निघते, तोच त्या स्थितीचा क्रमांक. मिसळण्याची रीत अशी की क्रम कुठलाही असला तरी उत्तर तेच येतं. आणि एकच संख्या दोनदा मिसळली की ती पुसली जाते.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा जिल्हा, म्हणून उदाहरण घोड्याचंच घेऊ. घोडा जी१ वरून एफ३ वर गेला. संगणक अख्खा पट पुन्हा मोजत बसत नाही. 'घोडा जी१' ही संख्या पुन्हा एकदा मिसळतो, ती पुसली जाते. 'घोडा एफ३' मिसळतो आणि पाळी बदलल्याची खूण करतो. झाला नवा क्रमांक तयार. आधारची नोंद कुठेतरी दप्तरात ठेवावी लागते, इथे स्थिती आपला क्रमांक स्वतःच सांगते. बारा वाटांनी आलेले बारा डाव एकच क्रमांक सांगतात आणि ॲपला कळतं, ही सगळी एकाच मुक्कामाला आलेली मंडळी आहेत.

हा क्रमांक ६४ बिटांचा असतो. ६४ बिटांत किती वेगळे क्रमांक मावतात? दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१६. ही संख्या कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते ना? बुद्धिबळ शोधून काढणाऱ्याने राजाकडे धान्य मागितल्याची जुनी गोष्ट आठवा: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. त्या सगळ्या दाण्यांची बेरीज या संख्येहून बरोबर एकाने कमी आहे. संगणकांनी ६४ बिट निवडले ते त्यांच्या स्वतःच्या रचनेमुळे, बुद्धिबळाच्या पटासाठी नव्हे. तरीही राजाला न पेललेली ती रास आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये स्थिती ओळखायच्या कामाला लागली आहे. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर योगायोग हाच.

(बुद्धिबळात शक्य असलेल्या स्थिती या संख्येहूनही कितीतरी पटींनी जास्त आहेत, त्यामुळे दोन वेगळ्या स्थितींना चुकून एकच क्रमांक पडू शकतो. पण ते इतकं क्वचित घडतं की ॲप बनवणारे ती जोखीम खुशाल पत्करतात.)

हे एवढं आधी सांगितलं, कारण 'कोणतं ॲप घ्यावं' या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर रंगरूपात नाही. प्ले स्टोअरवर बुद्धिबळ असं टाकलं की रांगच लागते: लाकडी पटाचं चित्र, चमकणारे मोहरे, मध्येच जाहिरात. पण ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, शिकायचं तर ॲपच्या पोटात तीन गोष्टी लागतात. डाव साठवायची रीत, डावांचं झाड आणि खेळ्या तपासणारं इंजिन. बाकीची सजावट.

डाव साठवायची रीत सगळ्यांची एकच आहे. तिला पीजीएन म्हणतात. स्टीव्हन एडवर्ड्स या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९९३ च्या सुमारास ती सुचवली आणि जगाने जशीच्या तशी उचलली. तिच्यात चित्र नाही, आवाज नाही, फक्त अक्षरं आणि आकडे: कोण खेळलं, कुठे, कधी, निकाल काय, आणि मग खेळ्या. चाळीस खेळ्यांचा पूर्ण डाव एका किलोबाइटच्या आत मावतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या एका शुभप्रभाताच्या चित्राच्या जागेत शेकडो डाव बसतील. धडगाव किंवा मोलगीच्या बाजूला, जिथे एक व्हिडिओ उघडायला टेकाडावर जाऊन उभं राहावं लागतं, तिथे ही बाब फार मोलाची आहे. तासाभराचा ओपनिंगचा व्हिडिओ उतरवायला जे नेटवर्क लागतं, त्याच्या किरकोळ तुकड्यात ग्रँडमास्टर विदित गुजराथीचे शेकडो डाव फोनमध्ये येऊन बसतात आणि कायमचे राहतात.

म्हणून पहिली परीक्षा हीच घ्यावी: ॲप पीजीएन उघडतं का, आणि फोन फ्लाइट मोडवर टाकल्यावर चालतं का. ड्रॉइडफिश नावाचं एक जुनं, दिसायला अगदी साधं ॲप या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतं. फुकट आहे, इंजिन पोटातच आहे, पीजीएन फाइल उघडतं, नेट लागत नाही. पेटर ऑस्टरलुंड यांनी ते लिहिलं. त्याच्या मेन्यूत शिरलं की १९९५ साली आल्यासारखं वाटतं, पण त्याला कुणाची परवानगी लागत नाही. 'ॲनलाइझ धिस' हे असंच पीजीएन उघडून डाव तपासायला चांगलं. लिचेसच्या ॲपवर नेट नसताना संगणकाशी खेळता येतं आणि डाव तपासताही येतो. फक्त त्याचं डावांचं झाड पाहायला नेट हवं.

लिचेसबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २०१० मध्ये सुरू केलं, म्हणजे टेंभलीच्या आधार क्रमांकाच्याच वर्षी. जाहिरात नाही, पैसे देऊन उघडायची कुलपं नाहीत, सगळा खर्च लोकांच्या देणग्यांवर. त्याचा प्रोग्रॅम कुणीही वाचू शकतो. तिथे खेळले गेलेले अब्जावधी डाव दर महिन्याला फाइल करून जगासाठी मोकळे ठेवले जातात. भाषांच्या यादीत मराठीही आहे. चेस डॉट कॉम हे दुसरं मोठं नाव, २००७ पासूनचं. खेळायला माणसं तिथे जास्त आणि धडे देखणे, पण डाव तपासायच्या बऱ्याच सोयी मोफत खात्यावर मोजून-मापून मिळतात. पैसे भरायची तयारी असेल तर वाईट नाही. पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तो संध्याकाळी वडील शेतावरून आले की मुलाच्या हाती येतो, तिथे मी लिचेसच सुचवेन. यात मी तटस्थ असल्याचं सोंग आणत नाही.

आता झाड. ओपनिंग एक्सप्लोरर उघडला की पटाशेजारी एक तक्ता दिसतो: या स्थितीत कोणती खेळी किती वेळा झाली, त्यातले किती डाव पांढऱ्याने जिंकले, किती बरोबरीत सुटले, किती काळ्याने जिंकले. एक खेळी करा, आकडे बदलतात. प्रत्येक पावलाला तुमच्याआधी तिथून गेलेल्या माणसांची गर्दी दिसते. लिचेसवर अशी दोन झाडं शेजारी-शेजारी आहेत. एक उस्तादांचं: १९५२ पासूनचे, २२०० च्या वर रेटिंग असलेल्या खेळाडूंनी समोरासमोर बसून खेळलेले वीसेक लाख डाव. दुसरं तुमच्या-आमच्यासारख्यांचं, म्हणजे लिचेसवर रोज खेळणाऱ्यांचं, आणि तिथे रेटिंगची चाळणी लावता येते.

या दोन झाडांकडे एकाच वेळी पाहणं हा माझ्या दृष्टीने ओपनिंगचा सर्वांत मोठा धडा आहे. उदाहरणार्थ एंग्लंड गॅम्बिट. पांढऱ्याने वजिराचं प्यादं दोन घरं टाकलं की काळा ताडकन राजाचं प्यादं दोन घरं पुढे टाकून ते फुकट देतो. उस्तादांच्या झाडात ही फांदी जवळपास वाळलेलीच. इंजिन म्हणतं, काळ्याने प्यादं घालवलं आणि मोबदल्यात काही मिळालं नाही. चाळणी खालच्या रेटिंगवर आणा, आणि त्याच फांदीला दाट पानं. कारण त्यात एक सापळा आहे. पांढरा प्यादं मारतो, काळा घोडा काढतो, पांढरा घोड्याने प्यादं राखतो, काळा वजीर राजासमोर आणतो. पांढरा उंट काढून प्याद्याला आणखी एक आधार देतो. काळ्याचा वजीर बी४ वर येऊन शह देतो. उंट मागे डी२ वर येतो. वजीर बी२ चं प्यादं खातो. आता पांढऱ्याला वाटतं, उंट सी३ वर ठेवला की वजिरावर थेट हल्ला होईल, कोपऱ्यातला हत्तीही राखला जाईल आणि वजिराला पळावं लागेल. इथेच तो फसतो. काळ्याचा उंट बी४ वर येऊन त्या उंटाला जखडतो, पांढरा वजीर डी२ वर मदतीला धावतो, मारामारी होते, आणि आठव्या खेळीला काळा वजीर सी१ वर जाऊन मात देतो. पांढरा वजीर सी३ वर, त्याच रांगेत उभा असतो. पण मध्ये त्याचंच सी२ चं प्यादं, त्यामुळे हात पोचत नाही. सी३ वर उंटाऐवजी घोडा ठेवला असता तर काळ्याच्या पदरात काहीच पडलं नसतं.

म्हणजे टक्केवारीचा तो तक्ता काय मोजतो? खेळी किती चांगली आहे ते मोजत नाही. ती खेळी समोर आल्यावर त्या दर्जाची माणसं काय करतात, ते मोजतो. शालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या गटात बसणाऱ्या मुलासमोर जो मुलगा येणार, तो मॅग्नस कार्लसनसारख्या उस्तादांच्या झाडातून येत नाही. त्यामुळे तयारी करताना चाळणी आपल्या पातळीवर ठेवावी आणि इंजिन आपल्या बाजूला. इंजिन सांगेल सापळा खोटा आहे, झाड सांगेल लोक त्यात पडतात. दोन्ही खरं आहे. मुलाला मात्र सापळे पाठ करायला लावू नयेत असं माझं मत आहे. सापळ्यावर जिंकलेला मुलगा तालुक्याला जिंकतो, जिल्ह्याला जिंकतो, आणि नाशिक विभागात पहिल्याच फेरीत त्याला सी३ वर घोडा ठेवणारा भेटतो.

नाशिकवरून आठवलं. विदित गुजराथी नाशिकचा. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत त्याची गाठ अमेरिकेच्या हिकारू नाकामुराशी पडली. नाकामुरा त्याआधी ४७ क्लासिकल डाव एकदाही हरला नव्हता. विदित काळ्या मोहऱ्यांनी होता, डाव बर्लिन बचावाचा. बर्लिन म्हणजे झाडाच्या सगळ्यांत जाड बुंध्यांपैकी एक, हजारो पावलांनी तुडवलेला. तो डाव एक्सप्लोररमध्ये टाकून एकेक खेळी पुढे सरका. आकडे हजारांतून शेकड्यांत येतात, शेकड्यांतून दहा-वीसवर, आणि सुरुवातीच्या डझनभर खेळ्यांतच विदितचा उंट एच३ च्या प्याद्यावर जाऊन पडतो. राजासमोरची भिंत फोडायला घरातून तयार करून आणलेला बळी. त्या क्षणापर्यंत तिथून कुणीच गेलेलं नव्हतं. नाकामुराला पुढचं सगळं घड्याळाच्या टिकटिकीत स्वतः शोधावं लागलं, आणि तो हरला. नवव्या फेरीत विदितने त्याला पुन्हा हरवलं.

आकडे जिथे संपतात ती जागा शोधण्यासाठीच मोठे खेळाडू ॲपं आणि डेटाबेस उघडून बसतात. आपल्याकडच्या मुलांसाठी ती जागा फार लवकर येते. बहुतेक हौशी डाव आठ-दहा खेळ्यांतच उस्तादांच्या झाडावरून उतरतात. त्यानंतर मदतीला पाठांतर नाही, इंजिनच.

इंजिन म्हणजे बहुतेक ठिकाणी स्टॉकफिश. २००८ पासून जगभरचे लोक फुकट मिळून ते सुधारताहेत. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक एका सेकंदाला वीस कोटी स्थिती पाहायचा आणि त्याचं वजन टनाहून जास्त होतं. २००९ मध्ये बुएनोस आयर्सच्या एका स्पर्धेत एचटीसीच्या मोबाइलवर चालणारं पॉकेट फ्रिट्झ नावाचं इंजिन बसवलं गेलं. ते सेकंदाला वीस हजारांहूनही कमी स्थिती पाहायचं. त्याने दहापैकी साडेनऊ गुण घेतले, दर्जा निघाला २८९८. डीप ब्लूच्या हजाराव्या हिश्शाएवढीही नजर नाही आणि खेळ ग्रँडमास्टरांच्या वरचा! कारण ते कमी पाहायचं, पण पाहण्याजोगं तेवढंच पाहायचं. २०२० मध्ये स्टॉकफिशला एक छोटं न्यूरल नेटवर्क जोडलं गेलं. ती कल्पना जपानी बुद्धिबळातून, शोगीतून आली. आज आठ-दहा हजारांच्या साध्या अँड्रॉइडवर जे चालतं, ते जगातल्या कुठल्याही माणसाला हरवेल. फोन तापेल एवढंच. बॅटरी जपायची तर इंजिन सतत चालू ठेवू नये. आधी स्वतः विचार करून मगच ते लावावं, त्यात मेंदूचाही फायदा आहे.

इंजिन '+०.३' किंवा '-१.०' असा आकडा दाखवतं. पूर्वी तो साधारण प्याद्यांत मोजायचे: १.० म्हणजे एका प्याद्याएवढी आघाडी. २०२२ च्या अखेरीपासून स्टॉकफिशने अर्थ बदलला. आता १.० म्हणजे दोन तुल्यबळ इंजिनं इथून खेळली तर जिंकायची शक्यता निम्मी. हे इंजिनांचं गणित आहे, नववीतल्या मुलाचं नव्हे. त्याच्या डावात +३ सुद्धा पाच मिनिटांत उलटतं. तेव्हा ०.२ आणि ०.४ मधल्या फरकावरून ओपनिंग बदलणाऱ्या पालकांनी थोडं सबुरीने घ्यावं.

आकड्यांच्या आधी स्थितीचा अंदाज चिन्हांनी सांगत, त्या खुणांचा जन्मही मजेशीर आहे. १९६६ मध्ये बेलग्रेडहून अलेक्सांदर मातानोविच यांनी 'इन्फॉर्मेटर' हे नियतकालिक सुरू केलं. त्यात डावांवरची टीका कुठल्याच भाषेत नसायची, फक्त चिन्हं: पांढरा किंचित वरचढ, स्थिती अस्पष्ट, एकमेव खेळी. त्याच मंडळींनी सगळ्या ओपनिंगना ए०० ते ई९९ असे ५०० सांकेतिक क्रमांक दिले, ते आज प्रत्येक ॲपमध्ये ओपनिंगच्या नावाशेजारी दिसतात. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या, शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी व्हिडिओ अर्धाच कळतो. बी९० म्हटलं की मात्र त्याला आणि बेलग्रेडमधल्या मुलाला एकच स्थिती दिसते. त्यामुळे भाषेची भीती घालणाऱ्या महागड्या कोर्सपेक्षा, चिन्हं आणि खेळ्या एवढ्यावर चालणारं ॲप आपल्या मुलांना जास्त लागू पडतं.

ओपनिंगांच्या नावांत 'इंडियन' इतक्यांदा का येतं, हाही प्रश्न मुलं विचारतात. आपल्या जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं. त्यामुळे आपले लोक प्यादी हळूहळू सरकवून उंट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या तिरक्या रांगेत बसवायचे. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला मोहेशचंद्र बॅनर्जी स्कॉटिश वकील जॉन कॉक्रेनशी असेच खेळत आणि ते डाव युरोपात छापले गेले. तीच बैठक पुढे किंग्ज इंडियन म्हणून कास्पारोव्हच्या हातात गेली. आपल्याकडेही पेशवाईच्या आश्रयाने त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतात बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला. त्याचं इंग्रजी रूप १८१४ मध्ये मुंबईत छापलं गेलं, तेही युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून. त्यात भर आहे तो कोड्यांवर, अमुक खेळ्यांत मात करा अशा स्थितींवर. ओपनिंगपेक्षा कोडी आधी सोडवा असं आजचे प्रशिक्षक सांगतात, तेच शास्त्रीबुवांनी दोनशे वर्षांपूर्वी केलं होतं. कोणत्याही ॲपमध्ये रोजची कोडी असतात आणि दहा मिनिटं मिळत असतील तर ती तिथेच घालवावीत.

राहिलं पाठांतर. १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांचे तुकडे पाठ करून, ते किती दिवसांत विसरतात हे स्वतःवरच मोजलं. विसरणं आधी वेगाने होतं, मग मंदावतं. विसरायच्या बेतात असतानाच पुन्हा आठवलं तर पुढच्या वेळी जास्त टिकतं. चेसेबल हे ॲप याच तत्त्वावर उभं आहे. आज चुकलेली खेळी थोड्याच वेळात पुन्हा विचारतं, बरोबर आलेली काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी. चांगले कोर्स विकत घ्यावे लागतात, काही छोटे फुकट आहेत. पण हेच काम शिक्षकाला लिचेसच्या 'स्टडी'त करता येतं. एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात, तिथेही चौसष्टच. शहाद्याचा एखादा शिक्षक एक स्टडी बनवून तिची लिंक पाठवेल आणि अक्कलकुव्याची मुलं ती उघडून खेळ्या आठवतील. खर्च शून्य.

मोठ्या स्पर्धांचे डाव पाहायचे तर 'फॉलो चेस' किंवा लिचेसचं प्रक्षेपणाचं पान. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि एका फटक्यात भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. तेव्हा इथल्या फोनवर खेळ्या आपोआप सरकत होत्या. ते कसं घडतं? मोठ्या स्पर्धांत प्रत्येक मोहऱ्याच्या पोटात एक इवलीशी तारेची गुंडाळी असते आणि प्रत्येक प्रकारच्या मोहऱ्याची वारंवारता वेगळी. पटाखालचं तारांचं जाळं ओळखतं, कुठल्या घरात कोण उभं आहे. मोहरा खाली टेकला की संदेश निघाला. कॉपी होऊ नये म्हणून अनेक स्पर्धांत तो मुद्दाम काही मिनिटं उशिरा सोडतात. त्यात पाठवायचं ते फक्त 'कुठला मोहरा, कुठल्या घरात', त्यामुळे टू-जी नेटवर्कवरही अंतिम सामना जगाच्या बरोबरीने पाहता येतो. व्हिडिओची वाट पाहणारा मागे राहतो.

स्पर्धेच्या दालनात मात्र फोन चालत नाही. फिडेच्या नियमानुसार खेळाडूजवळ परवानगीशिवाय फोन सापडला की डाव जातो. त्यामुळे तिथे खेळी कागदावर हाताने लिहायची असते. आणि इथे आपल्या जिल्ह्यातल्या बुद्धिबळाची एक पोकळी आहे. दर वर्षी शालेय स्पर्धांत मुलं जे डाव खेळतात, ते कुठल्याच झाडात जात नाहीत. उस्तादांच्या झाडाला २२०० ची मर्यादा, लिचेसच्या झाडात फक्त लिचेसवर खेळलेले. मुलांचे कागद पंचांकडे जमा होतात, घरी नेलेली प्रत वहीत दुमडून राहते, पुढच्या वर्षी वहीच सापडत नाही.

तो डाव फोनमध्ये भरायला दहा मिनिटं पुरतात. पट उघडायचा, कागद शेजारी ठेवायचा, बोटाने खेळ्या करत जायच्या, शेवटी पीजीएन म्हणून सेव्ह करायचं. शाळेतल्या सगळ्या मुलांचे एका वर्षाचे डाव असे स्टडीत गेले, की त्या शाळेचं स्वतःचं झाड तयार होतं: आपली मुलं चौथ्या खेळीला कुठे अडखळतात, इटालियन ओपनिंगमध्ये कोणता उंट उगाच हलवतात, काळ्याकडून खेळताना का हरतात. लिचेसवर खेळणाऱ्या मुलाला तर हे फुकटच मिळतं. एक्सप्लोररमध्ये 'खेळाडू' असा तिसरा पर्याय आहे, त्यात आपलं नाव टाकलं की फक्त आपल्याच डावांचं झाड उघडतं. पहिल्यांदा ते पाहणाऱ्याला एक गोष्ट हमखास चकित करते: वाटा कितीही वेगळ्या घेतल्या असं वाटलं, तरी आपण फिरून फिरून त्याच पाच-सहा स्थितींत येऊन पोचलेले असतो. तयारी त्यांचीच करायची असते.